गाडींतील टेपचा उजेड आणि रात्रीचा रस्ता

बैलगाडीनें रात्रीचा प्रवास करणारे आपले वाडवडील कंदील गाडीच्या आंसाखालीं टांगीत असत. गाडीवानाच्या तोंडासमोर तो कोणी टांगीत नसे. उजेड रस्त्यावर पडावा, डोळ्यांत पडूं नये, हें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें. अनुभवानेंच तें त्यांच्या अंगीं भिनलें होतें. आज बैलगाडीची जागा पिकअप, टेम्पो आणि लहान मोटारी यांनीं घेतली आहे. परंतु कंदिलाविषयींची ती समज मात्र आपण घरीं विसरून निघालों आहों, असें दिसतें. गाडी घेतल्यावर आपण बाजारांतून एक टेप विकत आणतों, तो डॅशबोर्डांत बसवून घेतों, आणि गाणें वाजूं लागलें म्हणजे काम झालें असें समजतों. त्या टेपच्या पडद्याचा निळा-पांढरा झोत रात्रभर चालकाच्या डोळ्यांत जात असतो, इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. डॅशबोर्डचे दिवे लागले कीं टेपचाहि उजेड आपोआप मंद व्हावा, यासाठीं एकच वायर योग्य ठिकाणीं जोडावी लागते. ती कोणती, ती कशी ओळखावी, आणि भलत्या जागीं जोडली तर काय अनर्थ ओढवतो, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

हा विषय शेतकऱ्याचा कसा?

शेतकी मासिकांत मोटारीच्या टेपची चर्चा कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांनीं आपल्या उपनगराकडे पाहावें. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला तेव्हां साष्टींतील गांवें भातखाचरांचीं आणि बागाइतीचीं होतीं. पुढें अंधेरीकडील गांवें १९५० सालीं, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं बृहन्मुंबईंत सामील झालीं. शेतजमीन आक्रसत गेली. पण शेतमालाची वाहतूक आटली नाहीं. गोराई-मनोरीकडील बागाइतदारास आपला माल मोटारीनें शहरांत आणावयाचा तर उत्तन व भाईंदर असा वळसा घ्यावा लागतो. वसई-पालघरकडील भाजी आणि फुलें दहिसरवरून पश्चिम द्रुतगती मार्गानें दादरला उतरतात. नाशिककडील माल ठाणें ओलांडून मुलुंड-घाटकोपरच्या बाजूनें शहरांत शिरतो. पहाटेचा बाजार गांठावयाचा असल्यामुळें ही ये-जा बहुतेक रात्रींच होते. आरे वसाहतींतील रस्ते तर भर शहरांत असूनहि झाडींतून जातात; तेथें रात्रीं बिबट्याचा वावर असतो, आणि पाड्यांतील माणसें व गोठ्यांवरील गडी पायीं जात-येत असतात. अशा रस्त्यावर चालकाला अंधारांतील वस्तु वेळीं दिसणें, हा गाण्याच्या हौसेहून मोठा प्रश्न आहे.

डोळ्याचा हिशेब

आपल्या डोळ्याच्या आंतील पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडांत काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक उजेडांत काम करतात. या दुसऱ्या प्रकारच्या पेशींतील रंगद्रव्य प्रखर उजेडानें विरून जातें, आणि तें पूर्ववत् भरून येण्यास अंधारांत २० ते ३० मिनिटें लागतात. उन्हांतून एकाएकीं कणगीच्या खोलींत शिरल्यावर प्रथम कांहींच दिसत नाहीं आणि हळू हळू पोतीं दिसूं लागतात, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. त्याचें कारण हेंच. या पेशींवर निळसर उजेडाचा परिणाम अधिक होतो, तांबड्याचा सर्वांत कमी. आणि बाजारांतील पुष्कळ टेपांचे पडदे नेमके निळे किंवा लख्ख पांढरे असतात.

समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे व रस्त्यावरचे खांब यांमुळें चालकाचे डोळे शहरांत पूर्णपणें अंधाराला सरावत नाहींत, हें खरें. परंतु जें थोडें सरावणें होतें, तेंहि हाताच्या अंतरावरील पडदा हिरावून घेतो. शिवाय त्याचें प्रतिबिंब समोरच्या व बाजूच्या कांचेंत पडतें, आणि आरशांत पाहूं जातां गाडीमागील वाहनाऐवजीं टेपचे आंकडे दिसतात. म्हणूनच मोटारी तयार करणाऱ्यांनीं डॅशबोर्डचे दिवे कमी-जास्त करण्याची सोय फार पूर्वींपासून ठेविली आहे. कारखान्यांत बसविलेला टेप बहुधा त्या सोयीशीं जोडलेलाच येतो. मागाहून विकत घेतलेला टेप आपण जोडूं तरच जोडला जातो.

पूर्वींची आणि आतांची रीत

मोटारींत रेडिओ बसविण्याचा धंदा अमेरिकेंत १९३० सालीं गॅल्व्हिन यांच्या मोटोरोला रेडिओपासून जोरांत आला. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फिआट, म्हणजे पुढली पद्मिनी, हीच पुष्कळ वर्षें मुंबईची गाडी होती. तिची टॅक्सी म्हणून झालेली शेवटची नोंदणी २००३ सालची, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या गाडीचीं २० वर्षें भरल्यावर ती जात मुंबईच्या टॅक्सींतून नाहींशी झाली. तशा गाड्यांत टेप बसवावयाचा म्हणजे कारागिरानें एकेक वायर हुडकून जोडावयाची, असें काम असे. आज तें सोपें झालें आहे. टेपच्या खणाचें माप ठरलेलें आहे: लहान खण १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच, मोठा खण त्याच्या दुप्पट उंच. मागील कपलरचाहि एक आंतरराष्ट्रीय नमुना आहे. त्याच्या विजेच्या खणांत चौथें घर कायम विजेचें, सहावें घर दिव्यांच्या खुणेचें, सातवें घर किल्लीनें येणाऱ्या विजेचें आणि आठवें घर अर्थचें, अशी वांटणी आहे. तरी कांहीं गाड्यांत चौथें व सातवें घर अदलाबदल झालेलें असतें, आणि कित्येक गाड्यांचे कपलर अगदींच निराळे असतात. तेव्हां कपलर बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली, असें मात्र समजूं नये.

कोणती वायर कशाची

बाजारच्या टेपला सामान्यतः पुढील रंगांच्या वायरी असतात. पिवळी बॅटरीशीं कायम जोडलेली असते. घड्याळ व ठरविलेलीं स्टेशनें तिच्यामुळें लक्षांत राहतात. तांबडी किल्ली फिरविल्यावर वीज आणते. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या लोखंडी अंगाशीं जाणारी. निळी एरियलची. पांढरी, करडी, हिरवी व जांभळी, आणि त्यांच्याच काळ्या पट्ट्यांच्या जोड्या, या ध्वनिवर्धकांच्या. उरली ती नारिंगी, किंवा नारिंगीवर पांढरी पट्टी असलेली. तीच आपल्या विषयाची वायर. ती टेपला चालविण्यासाठीं वीज नेत नाहीं. "गाडीचे दिवे लागले आहेत" एवढी वर्दी ती टेपला देते. वर्दी मिळतांच टेप आपला उजेड खालीं आणतो. बसविणारा घाईंत असला म्हणजे नेमकी हीच वायर गुंडाळून मागें सोडून देतो, कारण तिच्यावांचून गाणें वाजतें.

गाडीच्या बाजूचे रंग मात्र गाडीगणिक बदलतात. मुलकी खात्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा भेद चांगला समजतो. वायरीचा रंग म्हणजे उताऱ्यावरचें नांव. जमीन कोणाच्या कब्जांत आहे तें जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाहीं. येथें ती स्थळपाहणी मल्टिमीटरनें होते.

विजेचा पाट

दिव्यांचा खटका पहिल्या टप्प्यावर फिरविला कीं समोरचे लहान दिवे, मागील तांबडे दिवे, नंबरपाटीचा दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे एकदम लागतात. विहिरीच्या एकाच पाटांतून चार वाफ्यांना पाणी जावें, तसा हा प्रकार आहे. पुष्कळ गाड्यांत त्या पाटाच्या तोंडाशीं एकच फ्यूज असतो. हेडलाइटचा फ्यूज मात्र निराळा. ही गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व सावधगिरी तिच्यावरच अवलंबून आहे.

डॅशबोर्डच्या वाफ्याकडे वळणाऱ्या पाटावर उजेड कमी-जास्त करण्याचें दार असतें. जुन्या गाड्यांत तें तारेच्या अवरोधाचें असे. नव्या गाड्यांत वीज एका सेकंदांत शेंकडों वेळां तोडून-जोडून तोच परिणाम साधतात. बहुतेक गाड्यांत हें दार दिव्याच्या अलीकडे असतें. परंतु कित्येक टोयोटा गाड्यांत तें दिव्याच्या पलीकडे, म्हणजे परतीच्या वाटेवर असतें. अशा गाडींत टेपच्या मागें दिव्यांच्या दोन वायरी येतात: एकींत पूर्ण वीज असते, दुसरी दारांतून अर्थकडे परत जाते.

आतां मुद्द्याची गोष्ट. बाजारच्या बहुतेक टेपांना फक्त "दिवे लागले" किंवा "दिवे विझले" एवढेंच कळतें. अशा टेपची नारिंगी वायर दाराच्या पुढच्या, म्हणजे मंद केलेल्या बाजूस जोडली, तर मोठा विपरीत प्रकार होतो. चालक डॅशबोर्ड मंद करूं लागला कीं त्या वायरींतील विजेचा दाब उतरतो. दाब पुरेसा उतरला कीं टेपला वाटतें, दिवे विझले, दिवस उजाडला. आणि तो पूर्ण उजेड करतो! चालकास जेव्हां अंधार हवा, नेमका तेव्हांच लखलखाट होतो. तोडून-जोडून वीज देणारें दार असल्यास पडदा लुकलुकूंहि लागतो. म्हणून अशा टेपसाठीं दाराच्या अलीकडची, पूर्ण विजेची वायर शोधावी. दाबाप्रमाणें आपला उजेड कमी-जास्त करणारे टेप थोडे आहेत. तशी सोय असल्याचें टेपच्या पुस्तिकेंत स्पष्ट लिहिलें असेल तरच मंद बाजू निवडावी.

शोध आणि जोडणी

प्रथम जुना टेप किंवा खणाचें झांकण काढून मागील कपलर मोकळा करावा. मल्टिमीटर २० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या घरावर ठेवावा. काळी सळई गाडीच्या रंग नसलेल्या बोल्टास लावावी, तांबडी सळई संशयित वायरीच्या घरांत. दिवे बंद असतां मीटरनें शून्य दाखवावें. खटका पहिल्या टप्प्यावर नेतांच सुमारें १२ दाखवावें. मग डॅशबोर्ड मंद करण्याचें चाक फिरवावें. आंकडा स्थिर राहिला तर ती पूर्ण विजेची वायर. आंकडा उतरला तर ती मंद केलेली. एखादी वायर चाक पूर्ण उजेडाकडे असतां शून्याजवळ आणि मंद केल्यावर चढता आंकडा दाखवील, तर ती परतीची वायर होय. तिला हात लावूं नये, तिचें टोक झांकून ठेवावें. पुढें किल्ली, ब्रेक व दार यांचे खटके करून पाहावे. त्यांपैकीं कशानेंहि आपल्या वायरींत वीज आली तर ती आपली नव्हे.

कपलरमध्यें अशी वायर न मिळाल्यास ॲशट्रेच्या किंवा थंड हवेच्या खटक्यांमागील लहान दिव्याशीं ती सांपडूं शकते; अथवा फ्यूजच्या पेटींत पार्किंग दिव्यांच्या फ्यूजपाशीं बाजारांत मिळणारा फ्यूज टॅप बसवून घ्यावा. डॅशबोर्डखालीं पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांस मीटर लावूं नये कीं दिवा लावूं नये.

वायर निश्चित झाल्यावर बॅटरीचें ऋण टोक सोडवावें आणि मगच जोडणीस आरंभ करावा. जोड डाख देऊन करावा किंवा योग्य मापाच्या टोपीनें दाबून करावा, आणि त्यावर उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. नुसता पीळ घालून चिकटपट्टी गुंडाळण्याची चाल आमच्या खाडीकांठच्या हवेंत मुळींच उपयोगाची नाहीं. उन्हांत पट्टीचा डिंक पातळ होतो, पावसाळ्यांत खारी ओल आंत शिरते, आणि दोन-तीन वर्षांत तांब्याची तार हिरवी पडून जोड सुटतो. नारिंगी वायरींतून वीज अत्यल्पच जाते. म्हणून जोडापासून थोड्याच अंतरावर एक अँपिअरचा लहान फ्यूज तींत घालावा. खर्च किरकोळ आहे, पण पुढें टेपकडे कांहीं बिघडलें तर हा लहान फ्यूज जाईल आणि गाडीचे मागील दिवे वांचतील.

शेवटीं टेपच्या सेटिंगमध्यें डिमर "ऑटो" वर ठेवावा. कित्येक टेप घड्याळावरून मंद होतात, कित्येक वायरीवरून. आपल्यास वायर हवी. रात्रीचा उजेड ठरवितांना तो अगदींच तळाला नेऊं नये. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत भर दिवसा दिवे लावून गाडी हांकावी लागते. तेव्हांहि पडदा मंद होणार, आणि तो वाचतां आला पाहिजे.

चुकीचीं फळें

नारिंगी वायर पिवळीला किंवा तांबडीला जोडली तर टेप दिवसाहि मंद राहतो आणि उन्हांत कांहीं दिसत नाहीं. दोन वायरींच्या गाडींत परतीची वायर काळीला जोडली तर मधलें दार निकामी होऊन डॅशबोर्ड कायमचा प्रखर होतो. हीं दोन्ही नुकसानें सोसण्याजोगीं आहेत. तिसरें नाहीं. गाडीची दिव्यांची वायर अर्थला टेकली, तर पाटाच्या तोंडाशींचा फ्यूज उडतो.

आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराच्या पिकअपवर हाच प्रसंग आला. टेप बसविणाऱ्यानें गाडीच्या बाजूची दिव्यांची वायर उघडी सोडून टेप आंत सारला होता. कांहीं दिवस कांहीं झालें नाहीं. एका रात्रीं गतिरोधकावर गाडी आपटली, उघडें टोक टेपच्या लोखंडी पट्टीस टेकलें, आणि डॅशबोर्ड काळोखला. हेडलाइट लागलेलेच होते, गाणेंहि चालू होतें; तेव्हां डॅशबोर्डचा बल्ब गेला असावा असें चालकानें मानलें, आणि भाजीनें भरलेली गाडी दहिसरपासून तशीच पुढें काढली. मागील दोन्ही तांबडे दिवे आणि नंबरपाटीचा दिवा विझलेले होते, हें त्यास आंत बसून कळणें शक्यच नव्हतें. जोगेश्वरीच्या पुढें एका ट्रकवाल्यानें शेजारीं येऊन ओरडून सांगितलें, तेव्हां तें कळलें. त्या ट्रकवाल्याचा ब्रेक वेळेवर लागला म्हणून हकीकत येथेंच संपते. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून मागील तांबडे दिवे आणि नंबरपाटी वाचतां येईल असा दिवा लागलेला असावा, असें केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ सांगतात. पण नियमाचा दंड ही त्या रात्रींच्या धोक्यापुढें फारच लहान गोष्ट होती.

यावरून एक खूण सर्व चालकांनीं पाठ करावी. हेडलाइट चालू असतां डॅशबोर्ड एकाएकीं काळोखला, तर मागील दिवेहि गेले असें धरून चालावें, गाडी कडेला घ्यावी आणि उतरून पाहावें. फ्यूज बदलल्यावर पुन्हां उडाला, तर अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालूं नये. फ्यूज हा राखणदार आहे. तो वारंवार ओरडतो म्हणून त्यास हांकलून देणारा शेत गमावतो, आणि येथें तर वायरी पेटून गाडी गमावण्याची वेळ येते.

नव्या गाड्यांविषयीं दोन शब्द

अलीकडच्या कित्येक गाड्यांत दिव्यांची वर्दी निराळ्या वायरीनें न देतां संगणकी संदेशानें दिली जाते. सर्व यंत्रें दोनच वायरींवरून आपसांत बोलतात. अशा गाडींत मीटरला नारिंगीची जोडीण सांपडणार नाहीं, आणि त्या संदेशाच्या वायरी कापून प्रयोग केल्यास इतर यंत्रें बिघडतात. तेथें त्या गाडीसाठीं बनविलेला ॲडॅप्टर घ्यावा. गाडीची हमीची मुदत चालू असल्यास वायर न कापतां जोडणारा कपलरच वापरावा, आणि तसें पावतीवर लिहून घ्यावें.

गाडी दुकानांतून ताब्यांत घेतांना गाणें ऐकून समाधान मानूं नये. दिव्यांचा खटका फिरवून टेप मंद होतो कीं नाहीं तें पाहावें. चाक तळाला नेऊन तो मंदच राहतो कीं नाहीं तें पाहावें. खटका बंद करून, टेप चालू असतां, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणत नाहींत ना तें पाहावें. मग उतरून गाडीभोंवतीं एक फेरी मारावी: पुढें दोन, मागें दोन आणि पाटीवर एक, असे दिवे मोजावे. हा हिशेब जुळल्यावरच पैसे द्यावे. आणि रात्रीं भरलेली गाडी खळ्यावरून निघण्यापूर्वीं हीच फेरी रोज मारावी. त्यास एक मिनिटहि लागत नाहीं.